रोटीतली दालचिनी आणि मोहल्ल्यातली भट्टी

ईदच्या चार-पाच दिवस आधी आमच्या मोहल्ल्यात कोणाच्या घरी काय चालले आहे, हे डोक्यावरच्या थाळ्या पाहून कळायचे. तरावीह झाली की घराघरांतून मुले बाहेर पडायची. डोक्यावर पत्र्याचा ट्रे, त्यात ओळीने लावलेल्या कच्च्या नानखताया, प्रत्येकीच्या मध्यभागी चारोळी नाहीतर बोटाचा ठसा, आणि कोपऱ्यात घरच्या नावाची चिठ्ठी. सगळ्या थाळ्या भट्टीवर. तिथे रात्री बारापर्यंत रांग असायची. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली की दुसऱ्या दिवशी भांडणे, आणि संध्याकाळी त्याच भांडणाऱ्या घरांत इफ्तारची ताटे जायची.

आम्ही लग्न होऊन कदीम जालन्यात आलो, त्या पहिल्या रमजानात सासूबाईंनी आम्हाला मैद्यात तूप चोळायला बसवले होते. सासूबाई म्हणजे सगळ्या घराच्या अम्मी. तळहात दुखून आले तरी त्या म्हणत होत्या, ‘‘और थोडा.’’ तूप आणि पिठीसाखर पांढरी शुभ्र होऊन हलकी झाल्याशिवाय त्या मैद्याला हात लावू द्यायच्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी आम्ही विजेचा छोटा ओव्हन घेतला आणि आमच्या घरातली थाळी भट्टीवर जायची बंद झाली. अम्मी काही बोलल्या नाहीत. आम्हालाही त्यात काही वाटले नाही. उलट शाळेतल्या सहकारी बाईंना आम्ही अभिमानाने सांगत होतो की आता रात्रीची रांग नाही.

या रमजानात आमची धाकटी, नववीतली, हट्टाला पेटली. मोबाईलवर तिने एक रोटी पाहिली होती. कापली की आत दालचिनी आणि साखरेचे गोल गोल वेटोळे दिसते. ‘‘इफ्तारला करते,’’ म्हणाली. आम्ही दहावीच्या परीक्षेच्या कामात गुंतलो होतो, त्यामुळे हो म्हणून मोकळे झालो. इथेच चूक झाली. स्वयंपाकघर मुलीच्या हाती द्यायला हरकत नाही, पण पहिल्या दिवशी शेजारी उभे राहावे लागते.

अस्रनंतर घरी आलो तर ओट्यावर मैदा, जमिनीवर मैदा, आणि ओव्हनमधून चांगला वास. मगरिबच्या आधी रोटी बाहेर आली. वरून तपकिरी, दिसायला छान. कापली तर वेटोळे सुटून आले. वरची साल टोपीसारखी उचलली गेली, आत पोकळी, आणि मधोमध कच्चा गोळा. उरलेला भाग विटेसारखा घट्ट. मुलांच्या अब्बांनी खजूर तोंडात टाकून रोटीकडे पाहिले आणि पाणी प्यायले. आम्ही मात्र बोललो. अर्धा पाकीट बटर, पाऊण किलो मैदा, साखर, सगळे वाया. रमजानमध्ये रिझकची अशी नासाडी. अभ्यास सोडून मोबाईल. जे शाळेत पस्तीस मुलांसमोर कधी बोलत नाही, ते घरातल्या एका मुलीला बोललो, तेही रोजा सोडताना. ती ताटावरून उठून गेली.

अम्मींनी रोटी जवळ ओढली. कच्चा गोळा सुरीने काढून बाजूला ठेवला, बाकीचे जाड काप केले. इशानंतर ते तुपात तळले, दूध आटवले, साखरेचा पाक केला, वेलची टाकली, आणि डबल का मीठा तयार. जालना १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादचा हा पदार्थ आपल्याकडच्या लग्नात आजही बिर्याणीच्या मागोमाग येतो. पावाला डबल रोटी म्हणायचे, म्हणून डबल का मीठा. पण दालचिनीच्या डबल रोटीचा मीठा आम्ही प्रथमच खाल्ला, आणि खरे सांगायचे तर लग्नातल्यापेक्षा तो चांगला लागला. धाकटीच्या खोलीत वाटी अम्मींनीच नेऊन दिली. आम्हाला नेता आली असती.

दुसऱ्या दिवशी शाळेत उर्दूच्या तासाला आम्ही फळ्यावर ‘दालचिनी’ लिहिले आणि मुलांना अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, ‘‘दाल में चीनी, मॅडम.’’ वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण तो अगदीच चुकला नव्हता. मूळ शब्द फारसी, ‘दारचीनी’. दार म्हणजे लाकूड किंवा झाड. चीनहून आलेले लाकूड, ते दारचीनी. आणि आपण साखरेला चीनी म्हणतो, तिचाही संबंध चीनशीच जोडतात. म्हणजे त्या मुलाच्या उत्तरातला निम्मा शब्द बरोबर होता. अरबीत हिला ‘किरफा’ म्हणतात, म्हणजे साल.

ही साल कुठून येते, हे अरब व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षे कुणाला कळू दिले नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे की मोठमोठे पक्षी दालचिनीच्या काड्या आणून उंच कड्यावर घरटी बांधतात. अरब लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते उचलून घरट्यात नेतात, वजनाने घरटे कोसळते, आणि मग काड्या गोळा करतात. अशी गोष्ट सांगितली की गिऱ्हाईक भाव कमी करायला धजत नाही. जालन्याच्या आडत बाजारातही असे काही कलाकार आम्ही पाहिले आहेत.

खरी हकिकत इब्ने बतूताने लिहिली. टँजिअरचा हा प्रवासी मुहम्मद बिन तुघलकाचा वकील म्हणून १३४२ मध्ये चीनकडे निघाला, वाटेत आपल्या दौलताबादला थांबला, आणि पुढे फिरत फिरत १३४४ मध्ये श्रीलंकेला पोहोचला. तिथल्या पुत्तलमच्या किनाऱ्यावर त्याने दालचिनीचे ओंडके पाहिले. पुराने वाहून आलेले, किनाऱ्यावर टेकड्यांसारखे पडलेले. मलबार आणि माबरचे लोक येऊन ते फुकट घेऊन जात, फक्त तिथल्या सुलतानाला बदल्यात कापड वगैरे देत. कुठले पक्षी आणि कुठली घरटी! पुढे याच सालीसाठी पोर्तुगीज आले, १६५८ मध्ये त्यांना हाकलून डच आले, १७९६ मध्ये इंग्रज आले. वर्गाला ही गोष्ट इतकी आवडली की घंटा झाल्यावरही कोणी उठले नाही. व्याकरणाचा धडा तसाच राहिला तो राहिलाच.

आता बाजारातल्या दालचिनीबद्दल थोडे, कारण घरात हे माहीत असायला हवे. किराणा दुकानात जी जाड, लालसर, कडक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते. ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येते. श्रीलंकेची दालचिनी फिकट तपकिरी, कागदासारखी पातळ, विडीसारखी थरांवर थर गुंडाळलेली, आणि बोटाने दाबली तरी चुरा होणारी. वास सौम्य, चव गोडसर. बिर्याणीला, खड्या मसाल्याला कॅसिया उत्तम; तिचा तिखट वास मटणापुढे टिकतो. पण कॅसियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेले तर काही जणांच्या यकृताला त्रास देते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. श्रीलंकेच्या दालचिनीत हे द्रव्य नावापुरतेच असते. रोटीच्या एका कापात इतकी थोडी दालचिनी येते की त्याने घाबरायचे कारण नाही. पण आपल्याकडे ‘शुगरला चांगली’ म्हणून रोज सकाळी चमचाभर पूड पाण्यातून घेणारे पुष्कळ आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. आमच्या अम्मींना शुगर आहे. डबल का मीठ्याची दुसरी वाटी घेताना त्या म्हणाल्या, ‘‘इसमें दालचिनी है ना, कुछ नहीं होता.’’ वाटी आम्ही काढून घेतली.

धाकटी दोन दिवस आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होती. तिसऱ्या दिवशी इफ्तारचे पाव आणायला गेली आणि अर्धा तास आली नाही. आली ती हातात चुरगळलेला कागद घेऊन. पहिल्या रोटीचा एक तुकडा तिने लपवून ठेवला होता, तो घेऊन ती भट्टीवर गेली होती, चाचांना दाखवायला.

हे चाचा मूळचे उत्तर प्रदेशातले. आपल्याकडच्या पुष्कळ बेकऱ्यांत कारागीर तिकडचेच असतात. चाळीस वर्षांपूर्वी आले, इथेच राहिले, मुले इथेच शिकली. त्यांनी तुकडा हातात घेतला, दाबला, हुंगला आणि म्हणाले, ‘‘बेटा, मसाला आटे में मिला दिया ना? खमीर का दम घुट गया.’’

आम्ही नंतर वाचून पाहिले, चाचांचे बरोबर होते. दालचिनीच्या वासाचे जे तेल आहे ते जंतूंना मारक असते, म्हणून तर आपल्या आजीबाई ती लोणच्या-मसाल्यात वापरत. खमीर, म्हणजे यीस्ट, हाही एक सूक्ष्म जीव. दोन चमचे दालचिनी सरळ पिठात कालवली की तो मंदावतो आणि पीठ फुगत नाही. दालचिनी पिठात न मिसळता थरात ठेवायची, याला दिसण्यापलीकडचे कारण आहे ते हे. दुसरी चूक बटरची. थरावर तिने बटर थापले होते. भाजताना ते वितळते, थर एकमेकांना चिकटत नाहीत, वाफ मध्ये अडकते आणि पोकळी होते. ‘‘घी नक्को, दूध का हाथ फेरो बस,’’ चाचा म्हणाले. तिसरी चूक घाईची. मगरिबच्या आधी हवी म्हणून पीठ नीट फुगायच्या आत तिने साचा ओव्हनमध्ये ढकलला होता.

एवढे सांगून धाकटी म्हणाली, ‘‘मम्मी, चाचा भट्टी बंद करणार आहेत. ही ईद शेवटची.’’

त्या रात्री आम्ही मुलांच्या अब्बांबरोबर भट्टीवर गेलो. तीन वर्षांनी. पूर्वी सत्ताविसाव्या रात्रीच्या आसपास जिथे उभे राहायला जागा नसे, तिथे सात-आठ थाळ्या होत्या. चाचांनी तक्रार केली नाही. लाकूड महाग झाले, सुकलेले चांगले लाकूड मिळत नाही. धुराबद्दल शेजारी बोलतात, आणि त्यांचेही खरे आहे. एक मुलगा पोलादाच्या कारखान्यात लागला, दुसरा पुण्यात आहे. पहाटे तीनला उठून मैदा मळायला कोणी तयार नाही. मुंबईचीही बातमी त्यांनी ऐकली होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितले, हवेच्या प्रदूषणामुळे. जालन्याला तो हुकूम नाही. पण चाचा म्हणाले, आज तिथे, उद्या इथे. आणि गॅसची भट्टी बसवायला पैसा लागतो, तो या वयात कोणासाठी लावायचा?

आम्ही काय बोलणार? ओव्हन आमच्या घरात होता. प्रत्येक घरात एक ओव्हन आला की भट्टीवरची एक थाळी कमी झाली, हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येतो. आम्ही बी.एड. करून तो तीन वर्षांत केला नव्हता. धूर कमी व्हावा हे आम्हालाही वाटते. शाळेत दम्याची मुले आम्ही रोज पाहतो. ओव्हन फेकून द्यावा असेही नाही. पण चाचांच्या हातात जे ज्ञान होते ते आम्ही फुकट वापरत आलो आणि त्याची किंमत कधी मोजली नाही, एवढे त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी अम्मी, आम्ही आणि धाकटी, तिघी बसलो. दोन किलो मैद्याची नानखताई झाली. शिवाय धाकटीने रोटी पुन्हा केली. या वेळी आम्ही शेजारी उभे होतो, म्हणून प्रमाण देता येते.

मैदा चारशे ग्रॅम. निम्मी कणीक घेतली तरी चालते, दूध थोडे जास्त लागते. दूध २४० मिली, बाळाला पाजतो इतकेच कोमट. बोटाला चटका बसला तर खमीर मेलेच समजा. साखर तीन मोठे चमचे, मीठ एक छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट दीड छोटा चमचा, बटर चाळीस ग्रॅम. बटर शेवटी घालायचे. मग मळायचे, आणि इथे दया दाखवायची नाही: दहा-बारा मिनिटे, पीठ ताणले की फाटण्याऐवजी पातळ पडद्यासारखे होईपर्यंत. झाकून ठेवायचे ते घड्याळ पाहून नव्हे, दुप्पट होईपर्यंत. रमजानच्या दुपारी आमच्याकडे एक तास लागला. जालन्याच्या मे महिन्यात पाऊण तासात पीठ भांड्याबाहेर येईल, आणि डिसेंबरात दोन तास बसून राहावे लागेल. मोबाईलवरच्या बाई थंड मुलखातल्या असतात, त्यांचा वेळ आपल्याला लागू नाही.

फुगलेले पीठ दाबून हवा काढायची आणि साच्याच्या लांबीइतके रुंद, हातभर लांब असे लाटायचे. वर दुधाचा हात. त्यावर ऐंशी ग्रॅम साखर, एक मोठा चमचा दालचिनीची ताजी पूड आणि दोन छोटे चमचे कोरडा मैदा, हे एकत्र करून पसरायचे. मैदा कशाला? भाजताना साखरेचे पाणी सुटते, ते मैदा धरून ठेवतो आणि थर चिकटून राहतात. कडेला दोन बोटे जागा कोरडी सोडायची. वळकटी घट्ट करायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही, कड चिमटून बंद करायची आणि शिवण खाली ठेवून साच्यात. पुन्हा झाकून ठेवायचे, पीठ साच्याच्या काठावर बोटभर येईपर्यंत. घरच्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे, वरून लवकर लाल झाली तर पंचवीस मिनिटांनी फॉइल टाकायची. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही.

शेजारच्या खाला विचारत होत्या, यीस्ट हलाल आहे का. बेकरीचा पाव आणि खमिरी रोटी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, ती याच खमिराने फुगते. साधे यीस्ट घेतले तर अडचण नाही. बाजारच्या तयार ब्रेडमध्ये आणि केकच्या पिठात मात्र ई ४७१ सारखे पदार्थ असतात, ते वनस्पतीपासूनही येतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. घरी केले की हा प्रश्नच कमी होतो.

त्या रात्री नानखताईचे चार ट्रे आणि रोटीचा साचा घेऊन आम्ही भट्टीवर गेलो. चाचांनी साच्यात डोकावून पाहिले. ‘‘ये क्या है, रोटी में जलेबी?’’ भट्टी आधी पावासाठी तापवलेली होती. निखारे बाजूला सारून, ओल्या गोणपाटाने फरशी पुसून त्यांनी चिमूटभर मैदा आत फेकला. तो झटकन काळा पडला. ‘‘अभी नहीं.’’ पंधरा मिनिटांनी पुन्हा फेकला, सावकाश बदामी झाला, तेव्हा लांब दांड्याच्या फळीवरून नानखताया आत गेल्या. रोटी सगळ्यात शेवटी, उतरत्या आचेवर. धाकटीला त्यांनी भट्टीच्या तोंडाशी उभे केले आणि प्रत्येक वेळी मैदा तिलाच फेकायला लावला. अर्ध्या तासाने साचा काढून त्यांनी रोटी उलटी केली, तळाशी बोटाच्या पेराने टकटक केले, आवाज पोकळ आला. तिलाही टकटक करून ऐकायला सांगितले.

नानखताईची भाजणावळ त्यांनी किलोप्रमाणे घेतली. रोटीचे दहा रुपये वेगळे. आम्हाला ते बरे वाटले.

सहेरीला रोटी कापली. वेटोळे अगदी मधोमध नव्हते, एका बाजूला झुकले होते, पण कुठे सुटले नव्हते. कडेचा खरपूस काप धाकटीने कागदात गुंडाळून फजरनंतर भट्टीवर नेऊन दिला. त्या दिवशी ती आमच्याशी पूर्वीसारखे बोलली. आम्हीही तिला त्या संध्याकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. शिक्षकाला हा धडा जड जातो.

ईदनंतर दोन आठवड्यांनी भट्टीचे शटर खाली आले. त्याच संध्याकाळी चाचांच्या नातवाने पत्र्याचे चार मोठे ट्रे आमच्या दारात आणून ठेवले, धाकटीसाठी म्हणून. आमच्या ओव्हनमध्ये त्यातला एकही मावत नाही. सध्या ते गच्चीवर आहेत, आणि अम्मींनी त्यांवर मिरच्या वाळत घातल्या आहेत.